हात साचवा

बडोद्यात आम्ही ‘जपून’ म्हणत नाही, ‘साचवून’ म्हणतो. जिना उतरणाऱ्याला, गरम पातेलं उचलणाऱ्याला, परगावी निघालेल्याला. शब्द गुजरातीतून आला. कधी आला ते कुणाला आठवत नाही. माझ्या पणजोबांनी संस्थानच्या दफ्तरात आयुष्यभर शुद्ध मराठी लिहिली आणि घरी येऊन पणजीला सांगितलं असणार, मुलं साचव. पुण्याकडचे पाहुणे हसायचे. त्यांच्याकडे पाणी साचतं, कचरा साचतो. आमच्याकडे माणसं साचवतात.

हे शेवटचं वाक्य माझं नाही. धैर्यशीलचं आहे.

तो आता तुरुंगात आहे. त्यानं ठेवलेल्या खोक्याच्या स्फोटात माझ्या वहिनीच्या उजव्या हाताची बोटं गेली. लोक मला दोन गोष्टी विचारतात. तो असा कसा निघाला? आणि तुम्हाला इतकी वर्षं कळलं कसं नाही? पहिल्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. दुसऱ्या प्रश्नाला मी खाली बघते.

धैर्यशीलचं घर पाणीगेटपाशी. त्याचे पूर्वज गायकवाडांच्या पागेत होते. घोडे गेले, पागा गेली, अंगमेहनतीची सवय तेवढी राहिली. वडील हिंमतराव दिवसा एका गोदामात कारकून आणि सकाळ-संध्याकाळ आखाड्याचे वस्ताद. धैर्यशील आणि माझा भाऊ देवेंद्र एका वर्गात. मी त्यांच्या मागे मागे. आखाड्यात मुलींसाठी दोराचा मल्लखांब होता. वर चढलं की हिंमतराव ओरडायचे, “नजर वर!” धैर्यशील खाली उभा राहायचा. तो म्हणायचा, “हात साचवा. हात साचवा. पाय मागून येतात.”

दोरावरून मी एकदाच पडले. त्यानं झेललं. मला ‘दादा’ म्हणू दिलं नाही त्यानं कधी. “दादा म्हटलं की माणूस उपदेश करायला लागतो,” म्हणाला. उपदेश तो तरीही करायचा.

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा कमळाबाईंनी, त्याच्या आईनं, गल्लीत पेढे वाटले. तिसऱ्या वर्षी त्याला शहराबाहेरच्या एका रसायनांच्या कारखान्यात शिकायला पाठवलं. तिथे नुकतीच परदेशातून नवी यंत्रणा आली होती. तो महिनाभर गेला आणि एक दिवस गेला नाही. कॉलेजही सोडलं.

“का रे?” मी विचारलं.

“तिथे कुणी कुणाकडे बघत नाही,” तो म्हणाला. “सगळे काचेकडे बघतात.”

“म्हणून इंजिनिअरिंग सोडायचं?”

“तू कविता शिकतेस. तुला कळायला हवं.”

मला कळलं असं मला वाटलं. मी तेव्हा मराठी साहित्य घेऊन बी.ए. करत होते. असं बोलणारा माणूस ओळखीचा असणं मला भूषणाचं वाटायचं. हिंमतराव म्हणाले, पोरगा आळशी आहे. तसं असतं तर किती बरं झालं असतं.

तो आखाड्यात मुलांना शिकवू लागला. घरातला मिक्सर त्यानं विकला. टीव्ही मामाला देऊन टाकला. कमळाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, “मिक्सर विकलास ना? आता चटणी तू वाट.” तो रोज वाटायचा. पाट्यासमोर मांडी घालून, मन लावून. त्याच्या हातची शेंगदाण्याची चटणी आमच्याकडे डब्यातून यायची. आईला फार आवडायची.

टीव्हीवरच्या मालिकेच्या वेळी कमळाबाई शेजारच्या अहल्याबाईंकडे जायच्या. भजनाला जाते, असं सांगून. परत आल्या की तो विचारायचा, “आई, आज भजनात कुणाचं लग्न मोडलं?”

“तुझं होईल तेव्हा मोडेल, त्याची काळजी कर,” त्या म्हणायच्या.

आम्ही हे सगळं सांगून सांगून हसायचो. बडोदं तेव्हा झपाट्यानं बदलत होतं. गल्लीगल्लीत केबलच्या तारा. पिवळ्या पाट्यांचे पीसीओ. अलकापुरीत एकेका इमारतीत तीन तीन कॉम्प्युटर क्लास. देवेंद्र त्याला ‘बापू’ म्हणायचा. “बापू, चरखा कुठे ठेवलात?” तो चिडायचा नाही. हातानं केलेलं माणसाला माणूस ठेवतं, असं काहीतरी तो म्हणायचा. त्यानं यावर लांबलचक निबंध लिहिला होता. मला वाचायला दिला. मी म्हणाले, वाक्यं सुरेख आहेत. खरंच सुरेख होती.

पहिल्यांदा केबलच्या तारा कापल्या गेल्या. पाणीगेट भागात एका दुपारी सगळ्यांचे टीव्ही बंद. क्रिकेटचा सामना चालू होता. बंद शटरवर कुणीतरी खडूनं गुजरातीत लिहून ठेवलं होतं, ‘हाथ’. पोलिसांना वाटलं, एका पक्षाचं निशाण आहे. त्यांनी त्या पक्षाच्या दोन कार्यकर्त्यांना दिवसभर बसवून ठेवलं. सगळं गाव हसलं. आम्हीही हसलो.

मग मंगळबाजाराकडे एक टपरी जळाली. तिथे कॉम्प्युटरवर कुंडली काढून मिळायची. शेजारच्या भिंतीवर ‘हाथ’. देवेंद्र म्हणाला, “कुंडलीत आग दिसली नाही वाटतं.” तेव्हाही हसलो.

तिसऱ्या वेळी बडोद्यातल्याच अकोटा भागात कॉम्प्युटर विकणाऱ्या एका दुकानाच्या दारात स्फोट झाला. दुकानाचा रखवालदार एका कानानं बहिरा झाला. तेव्हा कुणी हसलं नाही. त्या सकाळी धैर्यशील आमच्याकडे पोहे खात होता. बाबांनी बातमी मोठ्यानं वाचली. आई म्हणाली, “त्या बिचाऱ्यानं काय केलं होतं गं?” धैर्यशीलनं उरलेले पोहे संपवले. बशी उचलली, मोरीत नेऊन धुतली, पालथी घातली. नेहमी धुवायचा तशीच.

मी ते पाहत होते. मला त्यात काही दिसलं नाही.

त्याच वर्षी देवेंद्रचं लग्न झालं. मधुवंतीवहिनी सांगलीच्या. माझ्याहून वर्षानं मोठ्या, पण मला ‘वन्सं’ म्हणायच्या, मुद्दाम, जुन्या पद्धतीनं, डोळे मिचकावून. रांगोळी इतकी बारीक काढायच्या की आई त्यांची रेघ बघायला खाली वाकायची. बडोद्याची मराठी त्यांना काही केल्या जमत नव्हती. आम्ही ‘बस ना’ऐवजी ‘बेस ने’ म्हटलं की त्या विचारायच्या, “भिंतीला पाया घालताय का?”

एका सकाळी दूध तापत ठेवून अंघोळीला जाताना आई म्हणाली, “मधु, दूध साचव गं.”

आई अंघोळ करून आली. शेगडी बंद. दूध नाही.

“दूध कुठे गेलं?”

“साचवलं,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी कच्चं दूध कडीच्या डब्यात ओतून, वर कापड बांधून, फडताळात ठेवलं होतं.

आई पाटावर बसली ती हसून हसून उठेना. धैर्यशील चटणीचा डबा द्यायला आला होता. तो तर दाराला टेकला. डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाला, “वहिनी, बडोद्यात साचवणं म्हणजे सांभाळणं. तुमच्याकडे डबकी साचतात. आमच्याकडे माणसं साचवतात.”

“मग तसं बोला की, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “मराठी माणसाशी मराठी बोलायला काय पैसे पडतात?”

त्या दिवशी हसणाऱ्यांत तो होता. हे मी नंतर कोर्टात शपथेवर सांगितलं.

वहिनींनी अलकापुरीतल्या एका क्लासमध्ये नोकरी धरली. आलेल्यांची नावं घ्यायची आणि नव्या मुलांना टंकलेखन शिकवायचं. धैर्यशीलला ते आवडलं नाही.

“वहिनी, रांगोळीची बोटं तुमची. ती त्या बटणांवर कशाला घालवता?”

“बटणं दाबली की पगार येतो, भाऊजी. रांगोळीचा कोण देतं? तुम्ही देताय?”

तो हसला. त्यांच्याशी बोलताना तो नेहमी हसायचा.

अठ्ठ्याण्णवची उत्तरायण. बडोद्यात संक्रांत एका दिवसात संपत नाही. दुसरा दिवस वासी, म्हणजे शिळ्या, उत्तरायणचा. त्या दिवशी दुकान उघडणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. सगळं गाव अगाशीत, म्हणजे गच्चीवर. खाली रस्त्यांवर कुत्रीसुद्धा निवांत.

आमच्या अगाशीत देवेंद्र, मी, शेजारची मंडळी. धैर्यशील सकाळी जरा उशिरा आला. त्याचा पतंग आमच्या सगळ्यांच्या वर होता. बोटांना चिकटपट्टी न लावता तो मांजा ओढायचा. मी फिरकी धरली होती. खालून उंधियूचा वास येत होता. बाजूच्या अगाशीतून गाणी, थाळ्या, पतंग कापल्याचा ओरडा, “ए काप्यो छे!”

“वहिनी कुठे?” त्यानं विचारलं. “त्यांना आज पेच शिकवायचा होता.”

“क्लासला,” देवेंद्र म्हणाला.

“आज?”

“आज. मी म्हटलं, बाई, आज शिपाईसुद्धा येणार नाही. तर म्हणते, सांगलीला संक्रांत एकच दिवस असते. किल्ली आहे माझ्याकडे, शांततेत काम होईल.”

धैर्यशीलच्या हातातून मांजा सुटला. त्यानं सोडला की सुटला, मला सांगता येत नाही. तो जिन्याकडे धावला. दोन दोन पायऱ्या गाळत उतरल्याचा आवाज आला.

“अरे धैर्या, पतंग कुणाच्या भरवशावर?” देवेंद्र ओरडला.

“लपेट! लपेट!” शेजारचे ओरडले.

“उंधियू बाधलं वाटतं बापूंना,” देवेंद्र म्हणाला. सगळे हसले. मी मांजा गुंडाळत राहिले.

पोलिसांचा माणूस आला तेव्हा देवेंद्रच्या हातात जिलेबी होती.

वहिनींचा जीव वाचला. उजव्या हाताचा अंगठा आणि तळव्याचा थोडा भाग राहिला. दोन दिवसांनी त्या नीट बोलू लागल्या. इन्स्पेक्टर खुर्ची ओढून बसले. मी आणि देवेंद्र भिंतीपाशी उभे होतो.

“फोन आला,” वहिनी म्हणाल्या. “पुरुषाचा आवाज. फार मोठ्यानं बोलत होता, फोनची सवय नसल्यासारखा. शुद्ध मराठी. ‘नमस्कार. आपल्या दारात एक खोके ठेवलेले आहे. कृपया ते खोके साचवा.’ मला वाटलं, कुरिअरवाला आहे. दार बंद होतं म्हणून बाहेर ठेवून गेला असेल. आत ठेवून घ्या म्हणतोय. मी म्हटलं, बरं. मी खोकं उचलून आणलं. कपाटात ठेवत होते.”

“साचवो?” इन्स्पेक्टर मध्येच म्हणाले. “साचवो तो अमे बोलीए. साचवो एटले संभाळो.” त्यांनी आपल्या माणसाकडे बघितलं. “फोन करवावाळो गुजराती छे.”

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. “संभाळो? म्हणजे जपा?”

मी मान हलवली.

“घरात कुणी म्हटलं असतं तर कळलं असतं हो, वन्सं. पण तो इतका पुस्तकासारखा बोलत होता. मला वाटलं, हाही शब्द पुस्तकातलाच.” त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले. “आणखी एक म्हणाला. फोन ठेवायच्या आधी. त्याचा अर्थ मला तेव्हाही लागला नाही. हात साचवा म्हणजे काय?”

देवेंद्र औषधांची चिठ्ठी वाचत होता. त्याच्या लक्षात आलं नाही. त्याला दोराचा मल्लखांब कधी करावा लागला नव्हता.

माझ्या तळव्यांना दोर आठवला.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते. भीती नाही वाटली. राग नाही आला. मला बरं वाटलं. त्यानं वहिनींना वाचवायचा प्रयत्न केला होता, म्हणून बरं वाटलं. समोर त्या पडल्या होत्या. हाताला केवढं तरी पांढरं कापड गुंडाळलेलं होतं. आणि मला त्याच्यासाठी बरं वाटत होतं. मी बाहेर येऊन जिन्यात बसले. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

तिथून सरळ आखाड्यात गेले.

तो मुलांना शिकवत होता. पळून गेला नव्हता. मला बघून त्यानं मुलांना घरी पाठवलं. मी काही बोलायच्या आत त्यानं विचारलं, “त्यांचा हात?”

“अंगठा राहिला.”

तो मल्लखांबाला टेकला.

“मी फोन केला होता,” म्हणाला.

“माहीत आहे.”

“आयुष्यात पहिल्यांदा पीसीओत गेलो. आवाज ओळखतील म्हणून शुद्ध बोललो.”

“शुद्ध?”

“मी साचवा म्हटलं होतं, उल्के. दोनदा म्हटलं.”

“त्यांना ठेवून घ्या असं वाटलं. त्यांनी खोकं उचलून आत नेलं.”

हे त्याला माहीत नव्हतं. वर्तमानपत्रात तेवढं आलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला. दूध, फडताळ, दाराला टेकून हसणं, हे सगळं त्याला एकामागून एक आठवत गेलेलं मला दिसलं.

“बॉम्ब का नाही म्हणालास?”

“मागे माणसं उभी होती.”

“पळा म्हणायचं. बाहेर जा म्हणायचं.”

“तोच शब्द आला तोंडात.” मग म्हणाला, “सुट्टी होती. कुणी असणार नव्हतं. फक्त ती यंत्रं.”

“अकोट्याचा रखवालदारही नसणार होता?”

तो मल्लखांबापासून बाजूला झाला.

“फोननंतर कुठे गेलास?”

“सायकलवर निघालो. अलकापुरीला. काळ्या घोड्याच्या चौकापर्यंत पोहोचलो. तिथे आवाज ऐकला. लोकांना वाटलं फटाका आहे.”

“मग?”

“परत फिरलो.”

वहिनी त्या खोलीत एकट्या पडल्या होत्या. चौकीदार वरच्या गच्चीत पतंग उडवत होता. तो खाली येईपर्यंत बराच वेळ गेला, असं डॉक्टर म्हणाले होते. हात राखता आला नाही, त्यात त्या वेळेचा वाटा होता. धैर्यशील सायकलवर होता. पुढे रेल्वेखालचा रस्ता ओलांडला असता तर अलकापुरी.

हे मी त्याला सांगितलं. फोनचं एक वेळ मला समजतं. परत फिरल्याचं नाही. आजही नाही.

“मी पोलिसांना सांगणार आहे,” मी म्हणाले.

“सांग.”

“तू का नाही सांगत?”

त्यानं कुस्तीच्या हौद्यातली माती मुठीत घेतली आणि सोडली. पुन्हा घेतली.

मागे हिंमतराव उभे होते. केव्हा आले होते कोण जाणे. “काय सांगायचंय पोलिसांना?” त्यांनी विचारलं.

धैर्यशीलनं मान वर केली नाही. म्हणून मी सांगितलं. वस्तादांना, ज्यांच्यासमोर मी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते, त्यांना मी त्यांच्या मुलाविषयी सांगितलं. ते घरात गेले. लग्नकार्यात घालायचा बंद गळ्याचा कोट घालून आले. मुलाचं मनगट धरलं.

कमळाबाई दारात आल्या. कोट बघून म्हणाल्या, “कुणाकडे निघालात? जेवायला येणार ना?”

हिंमतराव मुलाला घेऊन चालू लागले. मी त्या दोघांच्या मागून चालत गेले. पाणीगेटखालून जाताना लोक हिंमतरावांना नमस्कार करत होते. कोट बघून कुणीतरी विचारलं, “शुं वात छे, उस्ताद, वरघोडो?” कुणाच्या वरातीला निघालात, असं. हिंमतरावांनी तोही नमस्कार घेतला.

पुढचं सगळं वर्तमानपत्रात आलं. आखाड्याच्या माळ्यावर गजराची घड्याळं सापडली. मनगटाला कधी घड्याळ न बांधलेल्या माणसानं ती स्वतः बाजारात जाऊन निवडून आणली होती. मराठी मंडळींत कुजबुज झाली. गणेशोत्सवात हिंमतरावांच्या हस्ते व्हायची ती आरती दुसऱ्यांकडे गेली. त्यांनी विचारलंही नाही. आखाड्यात मुलं यायची थांबली. आमच्याकडे चटणीचा डबा राहिला होता. आईनं तो घासला आणि माळ्यावर टाकला. परत कुणी न्यायचा, हे ठरेना.

कोर्टात सगळं त्या एका शब्दावर आलं.

सरकारी वकिलांचं म्हणणं, आरोपीनं फोन करून मुद्दाम खोकं आत घ्यायला लावलं, यंत्रांपाशी. म्हणजे त्या बाईचा जीव गेला तरी त्याला चालणार होतं. त्यांनी मराठी शब्दकोश आणला होता. साचविणे, म्हणजे जमा करणे, साठविणे. धैर्यशीलच्या वकिलांनी मला बोलावलं. घरात कुणी मला जाऊ नको म्हणालं नाही. जा असंही म्हणालं नाही.

“या शब्दाचा अर्थ काय?” त्याच्या वकिलांनी विचारलं.

“बडोद्याच्या मराठीत, जपा. सांभाळा.”

सरकारी वकील उठले. ते गुजराती होते, मराठी त्यांना कळत होती. “तमे मराठी साहित्य भण्यां छो?” मी काय शिकले आहे ते त्यांना वदवून घ्यायचं होतं.

“हो.”

“हा अर्थ कोणत्या पुस्तकात आहे?”

“मी वाचलेल्या कुठल्याच नाही.”

“जखमी बाई मराठी. त्यांना हा अर्थ का कळला नाही?”

“त्या सांगलीच्या आहेत.”

“त्यांना कळत नाही हे आरोपीला माहीत होतं?”

देवेंद्र दुसऱ्या बाकावर बसला होता. शेजारी वहिनी. डावा हात उजव्यावर ठेवलेला. मी दुधाची गोष्ट सांगितली. तो दाराला टेकून हसला होता हेही सांगितलं. न्यायाधीशांनी लिहून घेणं थांबवून वर बघितलं.

“म्हणजे माहीत होतं,” सरकारी वकील म्हणाले.

“माहीत होतं.”

“तरी तुम्ही म्हणता, त्याला जपा म्हणायचं होतं?”

“हो.”

“कशावरून?”

“घाबरलं की आम्ही तेच म्हणतो.”

पाच वर्षं मी साहित्य शिकले. त्याचा मला एवढाच उपयोग झाला. एका शब्दाचा अर्थ सांगितला. तो खरा होता. त्या अर्थामुळे त्याची शिक्षा कमी झाली, असं लोक म्हणतात.

काही सांगायचं आहे का, असं न्यायाधीशांनी त्याला विचारलं. मला वाटलं, आता तो यंत्रांवर बोलेल, हातांवर बोलेल. ती सुरेख वाक्यं. तो म्हणाला, “काळ्या घोड्यावरून परत फिरलो.” आणि बसला. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

बाहेर देवेंद्र म्हणाला, “त्याच्यासाठी बोललीस.” पुढे कितीतरी दिवस तो माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायचा.

वहिनींनी रिक्षात विचारलं, “खरं तेच सांगितलंत ना, वन्सं?”

“हो.”

“मग झालं,” त्या म्हणाल्या. आणि घर येईपर्यंत बाहेर बघत बसल्या.

हिंमतराव पुढच्या वर्षी गेले. कमळाबाई आम्हाला बघून रस्ता बदलायच्या. आम्हीही त्यांना बदलू द्यायचो.

परवा खंडेराव मार्केटबाहेर भाजी घेऊन आम्ही दोघी रस्ता ओलांडत होतो. वहिनींची पिशवी डाव्या खांद्यावर. समोरून कुणी म्हातारी येत होती, पदर डोक्यावर. एक स्कूटर उलट्या बाजूनं घुसली. म्हातारी ओरडली, “अगं साचवून!” आणि तिनं वहिनींचा दंड धरून मागे ओढलं.

स्कूटर निघून गेली. कमळाबाईंनी आधी हात बघितला. मग चेहरा. त्यांची बोटं वहिनींच्या दंडावरून सुटेनात. सुटली तेव्हा त्यांची कोथिंबिरीची जुडी रस्त्यात पडली होती. ती न उचलताच त्या गेल्या.

वहिनी वाकल्या. जुडी डाव्या हातानं उचलली, झटकली, आणि हाक मारावी की नाही अशा उभ्या राहिल्या. मग ती आपल्या पिशवीत ठेवली.

घरी आलो तेव्हा आईनं ओटा धुतला होता. पायरी ओली होती. आई दारातून म्हणाली, “मधु, पाय निसटेल गं, सा...” आणि थांबली. स्फोटाच्या दिवसापासून आमच्या घरात तो शब्द कुणी पुरा म्हटलेला नाही.

“म्हणा ना, आई,” वहिनी म्हणाल्या. “मला कळतो आता.”

आईनं पायरी बघितली. मग वहिनींचा उजवा हात बघितला.

“जपून ये,” म्हणाली.